नामसाम्य आणि इतिहासातील एकशेष

संस्कृत व्याकरणात ‘एकशेष’ नावाचा एक विधी आहे. समान रूपाचे दोन किंवा अधिक शब्द एकाच विभक्तीत एकत्र आले म्हणजे त्यांतला एकच शब्द शेष राहतो व बाकीचे लोप पावतात. एक राम आणि दुसरा राम मिळून ‘रामौ’ असे एकच पद सिद्ध होते. पाणिनीने हा नियम शब्दांपुरता सांगितला. लोकस्मृती मात्र तो माणसांनाही लावते, याकडे आपल्या चरित्रकारांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. एका नावाच्या दोन व्यक्ती होऊन गेल्या की कालांतराने त्यांतली एकच उरते. दुसरीचे कर्तृत्व पहिलीच्या खात्यावर जमा होते, किंवा तिचे स्मरणच नाहीसे होते. व्याकरणातल्या एकशेषात निदान वचन शिल्लक राहते. ‘रामौ’ म्हटल्याबरोबर राम दोन आहेत हे ऐकणाऱ्यास कळते. इतिहासातल्या एकशेषात एवढी खूणही मागे राहत नाही.

या लोपावर एक जुना उपाय आहे. तो म्हणजे एका नावाच्या अनेक व्यक्तींची चरित्रे शेजारी शेजारी मांडणारा ग्रंथ. अशा ग्रंथांची परंपरा कोणती, तिची गरज का पडते, आणि बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात असे काम हाती घ्यावयाचे झाल्यास ते कोणत्या रीतीने करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या प्रकारचा अगदी जुना ग्रंथ ग्रीक भाषेत झाला. मॅग्नेशिया येथील डिमीट्रियस हा इ. स. पूर्व पहिल्या शतकातला, म्हणजे सिसरोचा समकालीन पंडित. एकाच नावाचे कवी आणि लेखक कोण कोण झाले, हाच त्याच्या ग्रंथाचा विषय होता. तो ग्रंथ आज उपलब्ध नाही. परंतु पुढे तत्त्ववेत्त्यांची चरित्रे लिहिणाऱ्या डायोजिनीस लाएर्शियसने त्याचा उपयोग केला, आणि त्यामुळे त्याचा काही भाग आपल्यापर्यंत पोचला आहे. एखाद्या तत्त्ववेत्त्याचे चरित्र संपले की त्याच नावाचे आणखी कोण होऊन गेले याची यादी हा चरित्रकार पुष्कळ ठिकाणी देतो. थेलीझ नावाचे दुसरे पाच गृहस्थ झाले. हेराक्लायडीझ चौदा झाले. थिओडोरस तर वीस झाले. वरवर पाहता ही यादी रुक्ष वाटेल. पण ग्रंथाच्या गुंडाळीवर नुसते ‘थिओडोरस’ एवढेच लिहिलेले असेल, तर तो ग्रंथ विसांपैकी कोणाचा, हा प्रश्न सोडविल्यावाचून पुढचे एक पाऊलही टाकता येत नाही. थिओडोरसांपैकी कोणी गणिती होता, कोणी नास्तिक म्हणून प्रसिद्ध होता. एकाचे मत दुसऱ्याच्या तोंडी घातले तर दोघांवरही अन्याय होणार.

आपल्याकडे हे कार्य कोशकारांनी केले. पुण्याचे सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी प्राचीन (१९३२), मध्ययुगीन (१९३७) आणि अर्वाचीन (१९४६) असे तीन चरित्रकोश सिद्ध केले. त्यांपैकी प्राचीन चरित्रकोश उघडून पाहणाऱ्याच्या ध्यानात प्रथम येते ते हे, की एकेका नावाखाली क्रमांक घालून निरनिराळ्या व्यक्ती वेगळ्या काढलेल्या आहेत. ऋषभपुत्र भरत, दुष्यंतपुत्र भरत, दाशरथी भरत ही नावे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतात, आणि नाट्यशास्त्राचा कर्ता भरतमुनी त्याला थोड्या वर्षांनी भेटतो. तरीही ‘भारतवर्ष हे नाव कोणत्या भरतावरून पडले?’ असे विचारले, तर बहुतेकांच्या तोंडून दुष्यंतपुत्राचेच नाव येते. पुराणे ऋषभपुत्राकडे बोट दाखवितात. कालिदासाने शकुंतला घरोघर नेली आणि तिच्या मुलापुढे दुसऱ्या भरताचे काही चालले नाही. अधिक गाजलेल्या व्यक्तीने कमी गाजलेल्या व्यक्तीला पोटात घेणे, हाच एकशेषाचा व्यवहार होय.

आता आपल्या सीमाभागाकडे वळू. येथे नामसाम्याचा प्रश्न इतर प्रदेशांपेक्षा अधिक बिकट आहे. या मातीवर अनेक घराण्यांची सत्ता नांदली, दोन भाषा शेजारी शेजारी वाढल्या, आणि नाव ठेवण्याच्या दोन रीती एकमेकींत मिसळल्या.

पहिले उदाहरण सौंदत्तीच्या रट्टांचे घेऊ. सौंदत्ती म्हणजे जुने सुगंधवर्ती. तेथून हे घराणे पुढे वेणुग्रामास, म्हणजे बेळगावास आले. बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती हे सुंदर जैन मंदिर इ. स. १२०४ मधले असून रट्ट राजा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ते बांधविले. येथपर्यंत सर्व सोपे आहे. अडचण पुढे येते, कारण या घराण्यात कार्तवीर्य चार झाले. त्यांच्या वंशावळीचा उत्तरभाग पाहा: सेन, त्याचा पुत्र कार्तवीर्य, त्याचा सेन, त्याचा कार्तवीर्य, त्याचा लक्ष्मीदेव, त्याचा कार्तवीर्य, त्याचा पुन्हा लक्ष्मीदेव. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची जी चाल आपल्या घरांत अजून आहे, तीच येथे राजवंशात दिसते. ‘पहिला’, ‘दुसरा’, ‘चौथा’ ही विशेषणे आधुनिक संशोधकांनी लावली आहेत. राजाला स्वतःच्या हयातीत आपण ‘चौथे’ आहोत असे कोणी म्हणत नसे. फ्लीट यांनी मुंबई इलाख्यातील कानडी जिल्ह्यांच्या राजवंशांवर १८८२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. शिलालेखांतले शक, बापाचे नाव आणि राणीचे नाव ताडून एकेक कार्तवीर्य निराळा काढण्याचे कष्ट त्यांना व त्यांच्या मागून आलेल्यांना घ्यावे लागले. हलशी व गोवे येथील कदंबांतही जयकेशी नावाचे तीन राजे झाले, आणि तेथेही हीच वाट चालावी लागली.

रट्टांच्या बाबतीत एक पाचवा कार्तवीर्यही आडवा येतो. सौंदत्तीच्या डोंगरावर रेणुका-यल्लम्माचे ठाणे आहे, आणि रेणुकेच्या कथेत जमदग्नीची गाय नेणारा सहस्रार्जुन हाही कार्तवीर्यच. ज्या नावाचा उच्चार देवीच्या कथेत वैरी म्हणून होतो, तेच नाव त्याच परिसरातल्या राजांनी पिढ्यान्पिढ्या अभिमानाने धारण केले. पुराणातला कार्तवीर्य यात्रेकरूंच्या तोंडी आहे; बेळगावात मंदिर उभारविणाऱ्या राजवटीचा कार्तवीर्य शिलालेखात राहिला.

नाव पुन्हा पुन्हा येण्याचे दुसरे कारण दत्तविधान. गादीवर दत्तक आलेल्या मुलाला घराण्यातले नाव दिले जाई. त्या नावाने वारसाहक्क लोकांपुढे मांडला जाई. कोल्हापूरच्या गादीवर, ताराबाईचा पुत्र धरून, शिवाजी नावाचे पाच राजे झाले. निपाणीकर सिधोजीराव निंबाळकर कोल्हापूरच्या ज्या शिवाजीशी लढले, तो १७६२ मध्ये दत्तक आलेला व १८१३ मध्ये वारलेला शिवाजी होय. रायगडच्या शिवाजीला जाऊन तेव्हा शंभरावर वर्षे लोटली होती. निपाणीचा इतिहास सांगताना ही गोष्ट स्पष्ट केली नाही, तर ‘निपाणीकर शिवाजीविरुद्ध लढले’ या साध्या वाक्यावरून भलताच ग्रह होईल. याच घराण्यातला आणखी एक शिवाजी १८८३ मध्ये अहमदनगरला कैदेसारख्या अवस्थेत मरण पावला. पाच शिवाजींमध्ये ज्याची आठवण व्हावयास पाहिजे, असा हा एक. परंतु त्याचे नावच इतके मोठे आहे, की त्या नावाखाली तो स्वतः झाकला गेला.

राजाराम या नावाचेही तसेच. १८८० मध्ये कोल्हापुरात राजाराम महाविद्यालय निघाले, ते ज्याच्या नावाने, तो राजाराम शिवछत्रपतींचा पुत्र नव्हे. तो विलायतेहून परत येताना १८७० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे ऐन विशीत वारलेला कोल्हापूरचा राजा होय. त्याची युरोपच्या प्रवासातली दैनंदिनी पुढे १८७२ मध्ये छापली गेली. जिंजीचा राजाराम आणि फ्लॉरेन्सचा राजाराम ही दोन चरित्रे एका पुस्तकात शेजारी छापली, तर पावणेदोनशे वर्षांत मराठी राज्यकर्त्याचे जग कसे पालटले हे दाखवावयास दुसऱ्या विवेचनाची गरज पडणार नाही. समनामकांच्या ग्रंथाचा हा एक अनपेक्षित लाभ आहे. नाव स्थिर राहते, म्हणून काळातला बदल उठून दिसतो.

जिंजीच्या राजारामाचे नाव निघाले की आपण चन्नम्मांपाशी येऊन पोचतो. १६८९ मध्ये पन्हाळ्याहून जिंजीकडे निघालेल्या राजारामाला केळदीच्या, म्हणजे बिदनूरच्या, राणीने आश्रय दिला आणि त्यापायी औरंगजेबाचा रोष ओढवून घेतला. ही राणी चन्नम्मा. पुढे १८२४ मध्ये कित्तूरच्या दत्तकाला मान्यता देण्याचे इंग्रजांनी नाकारले. त्या वर्षी २३ ऑक्टोबर रोजी कित्तूरच्या किल्ल्यापुढे धारवाडचा कलेक्टर थॅकरे पडला. त्या लढ्याची नायिकाही राणी चन्नम्माच. पहिलीचे राज्य आजच्या शिवमोग्गा जिल्ह्यात. दुसरीचा जन्म बेळगावला लागून असलेल्या काकतीचा, आणि मृत्यू १८२९ मध्ये बैलहोंगलच्या कैदेत. दोघींमध्ये सव्वाशे वर्षांहून अधिक अंतर आहे. पण दोघीही विधवा, दोघींच्याही कथेत दत्तक पुत्र, दोघींनीही आपल्याहून बलाढ्य सत्तेशी सामना दिलेला. नावाबरोबर चरित्राचा आकारही जुळल्यावर एकशेष व्हावयास वेळ लागत नाही.

आज कित्तूरच्या चन्नम्माचा पुतळा संसदेच्या आवारात आहे (२००७), बेळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे (२०१०), आणि आपल्या शहरातला मुख्य चौकही तिच्याच नावाने ओळखला जातो. हा गौरव सर्वथा योग्य आहे. परंतु नुसते ‘राणी चन्नम्मा’ म्हटले की कित्तूरचीच समजावयाची, असा जो संकेत त्यामुळे रूढ झाला, त्याची किंमत केळदीच्या राणीला द्यावी लागली. मराठ्यांच्या इतिहासाच्या दृष्टीने ही किंमत थोडी नाही. राजाराम जिंजीला पोचला म्हणून पुढचा लढा चालला, आणि त्या वाटेवर ज्या परभाषिक राणीने त्याला आसरा दिला, तिचे नाव मराठी वाचकाने स्वतंत्रपणे ओळखले पाहिजे. ‘बिदनूरची राणी’ एवढ्यावर तिची बोळवण करणे कृतज्ञतेला शोभणारे नाही.

या ठिकाणी कानडी रीतीचा एक गुण नमूद करण्यासारखा आहे. कानडीत गावाचे नाव व्यक्तीच्या नावाआधी येते: कित्तूर चन्नम्मा, केळदी चन्नम्मा, संगोळ्ळी रायण्णा. मराठीत ते नावामागून ‘कर’ लावून येते: सिधोजीराव निपाणीकर. गाव पुढे असो वा मागे, दोन्ही भाषांनी समनामकांना निराळे ठेवण्याची सोय पूर्वीच करून ठेवली होती. कीर्ती वाढली की प्रथम गळते ते गाव. आणि गाव गळाले की घोटाळ्याला वाट मोकळी होते.

नामसाम्याची उलट बाजूही याच परिसरात दिसते. दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना शिवछत्रपतींच्या सैन्याने बैलहोंगलजवळच्या बेलवडीच्या गढीला १६७८ च्या सुमारास वेढा घातला, तेव्हा जिने चिकाटीने गढी लढविली, ती स्त्री कानडी परंपरेत मल्लम्मा आहे आणि मराठी परंपरेत सावित्रीबाई. येथे व्यक्ती एक, नावे दोन. दोन भाषांतल्या दोन वाचकांनी आपापले पुस्तक वाचून दोन निरनिराळ्या वीरांगना झाल्या असे समजावे, इतके हे सोपे आहे. म्हणून सीमाभागातल्या चरित्रकाराला दोन्ही भाषांतली साधने पाहण्यावाचून गत्यंतर नाही. एका भाषेत बसून एकशेष टळत नाही, आणि एकाच व्यक्तीच्या दोन व्यक्ती होणेही टळत नाही.

वाङ्मयाच्या इतिहासात हा प्रश्न अधिकच नाजूक होतो, कारण तेथे नावावर काव्याचे स्वामित्व अवलंबून असते. तेराव्या-चौदाव्या शतकातला संत नामदेव आणि सोळाव्या शतकातला, महाभारत ओवीबद्ध करणारा विष्णुदास नामा, यांचे अभंग गाथेत इतके मिसळून गेले, की ते वेगळे करण्याचे काम अभ्यासकांना दीर्घकाळ पुरले. ‘नामा’ ही दोन अक्षरे दोघांच्याही मुद्रेत. सुमारे अडीच शतकांचे अंतर त्या दोन अक्षरांनी पुसून टाकले. विष्णुदास नामा हा काही सामान्य कवी नव्हे; तरी थोर नामदेवाच्या छायेत त्याचे स्वतंत्र अस्तित्व सिद्ध करावे लागले.

तथापि या औषधाचा अतिरेकही होऊ शकतो. १८९८-९९ च्या सुमारास ‘भारद्वाज’ या नावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘सुधारक’ पत्रातून असे प्रतिपादन केले, की ज्ञानेश्वरीचा कर्ता ज्ञानदेव निराळा आणि अभंगांचा कर्ता, आळंदीस समाधिस्थ झालेला ज्ञानदेव निराळा. पुढील अभ्यासकांपैकी बहुतेकांनी हे मत स्वीकारले नाही. परंतु वादाचा एक उपयोग झाला. एकच ज्ञानदेव मानणाऱ्यांनाही आपल्या श्रद्धेसाठी भाषेची, काळाची व संप्रदायाची प्रमाणे गोळा करावी लागली. दोघांना एक करणे आणि एकाला दोन करणे हे दोन्ही दोष खरे, पण दोघांवर उपाय एकच: नावावर विसंबू नये, प्रमाणावर विसंबावे.

सर्वांत मोठा एकशेष मात्र स्त्रियांच्या वाट्याला आला आहे, आणि तो विवाहविधीतूनच आला आहे. सासरी आलेल्या मुलीचे नाव बदलण्याची आपली चाल. त्यासाठी पसंतीची नावे थोडी: लक्ष्मी, रमा, आनंदी, जानकी, पार्वती. त्यामुळे मराठी इतिहासात लक्ष्मीबाई, रमाबाई आणि आनंदीबाई यांची गर्दी झाली. १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडलेली झाशीची लक्ष्मीबाई माहेरची मनकर्णिका तांबे. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. दोन मनकर्णिकांच्या दोन लक्ष्मीबाई झाल्या. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये वैद्यकीची पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच. दोन्ही यमुना लुप्त झाल्या. आनंदीबाई कर्वे या पूर्वीच्या गोदूबाई. पंडिता रमाबाईंचे नाव मात्र माहेरचेच राहिले.

आता या रमाबाई पाहा. पेशवे माधवराव यांच्या मागून थेऊरला १७७२ मध्ये सती गेलेल्या रमाबाई, स्त्रीशिक्षणासाठी झटलेल्या पंडिता रमाबाई, त्यांच्या समकालीन रमाबाई रानडे, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या सहधर्मचारिणी, १९३५ मध्ये दिवंगत झालेल्या रमाबाई. मधल्या दोघींची १८८२ मध्ये पुण्यात गाठ पडली, दोघींचा आर्य महिला समाजाशी संबंध आला, आणि पुढे एकीचे ‘शारदासदन’ (१८८९) व दुसरीचे ‘सेवासदन’ (१९०९) झाले. नाव एक, क्षेत्र एक, संस्थांची नावेही कानाला जवळची. विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो यात नवल नाही. परंतु या चार चरित्रांचे एकच पुस्तक झाले, तर त्यातून मराठी स्त्रीजीवनाचा पावणेदोनशे वर्षांचा आलेख उभा राहील. एकीला पतीच्या चितेवर जाणे हाच धर्म वाटला. एकीने शास्त्रे वाचून धर्मच पारखला. एकीने पतीपाशी अक्षरे गिरवून १९१० मध्ये आपल्या आठवणींचा ग्रंथ लिहिला. एकीने हालअपेष्टांत संसार सांभाळला म्हणून एका युगपुरुषाचे अध्ययन चालू राहिले. त्या पुस्तकाने प्रत्येकीचे माहेरचे नाव, जेथे ते ज्ञात आहे तेथे, मथळ्यातच दिले पाहिजे. जन्मनाव गेले म्हणजे आयुष्याची पहिली दहा-बारा वर्षे गेली, असेच चरित्रकाराने समजावे.

वरील विवेचनावरून सीमाभागासाठी समनामकांचा एखादा ग्रंथ व्हावा असे वाटल्यास त्याची पद्धती आपोआप ठरते. प्रत्येक व्यक्तीच्या नोंदीत पाच गोष्टी याव्यात: गाव, पिता, पती किंवा दत्तक पिता, निश्चित कळलेले एक तरी वर्ष, ते नाव त्या व्यक्तीस कसे मिळाले, म्हणजे आजोबांवरून, दत्तविधानाने, विवाहाने की संप्रदायाने, आणि कानडी व मराठी अशा दोन्ही भाषांतली नावाची रूपे. यांतल्या पहिल्या तीन खुणा व्यक्तीला निराळी करतात. चौथी खूण समाजाची रीत सांगते. पाचवीमुळे शेजारच्या भाषेतला वाचकही त्या व्यक्तीपर्यंत पोचू शकतो. प्रसिद्ध व्यक्तीला अधिक पाने मिळाली तरी चालतील. परंतु अप्रसिद्ध व्यक्तीची नोंद स्वतंत्र असली पाहिजे, प्रसिद्धाच्या नोंदीची पुरवणी म्हणून ती येता कामा नये.

हे काम मोठ्या संस्थेचीच वाट पाहते असे नाही. एकेका शिक्षकाने एकेक नाव घ्यावे. चार कार्तवीर्य, तीन जयकेशी, पाच शिवाजी, दोन चन्नम्मा: एवढी सामग्री बेळगावपासून एका दिवसाच्या प्रवासाच्या टापूत आहे. शाळेच्या हजेरीपटावर एका नावाची दोन मुले असली, तर शिक्षक त्यांच्यापुढे बापाचे नाव लिहून दोघांचीही हजेरी घेतो. एकाने ‘हजर’ म्हटले म्हणून दुसऱ्याला उपस्थित धरीत नाही. इतिहासाच्या पटावरही हाच न्याय लागू केला, म्हणजे केळदीची चन्नम्मा, अहमदनगरचा शिवाजी आणि दोन्ही यमुना यांना आपापली जागा मिळेल.